नकली नख शाबूत राहिले, खालचे स्वतःचे नख मात्र उखडले : सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना नमस्कार. हे सगळे मी डाव्या हाताने टंकत आहे, त्यामुळे कुठे चूक राहिली तर समजून घ्यावे.

धाकट्या बहिणीचे लग्न चार दिवसांवर आले आहे आणि त्यासाठी गेल्या आठवड्यात मी दोन्ही हातांना ॲक्रिलिकची लांब नखे लावून घेतली. आज संध्याकाळी मार्केट यार्डातून घरी निघताना स्कूटरच्या डिकीत पिशवी ठेवली आणि सीट दाबून बंद करताना उजव्या हाताच्या अनामिकेचे नख कडेत अडकून उलट वाकले. नकली नखाला साधा तडाही गेला नाही, पण त्याला चिकटलेले माझे स्वतःचे नख टोकाकडून जवळजवळ निम्मे सुटून वर आले. रक्त दहा मिनिटांत थांबले. ठणका मात्र असा आहे की हात खाली सोडला की बोटाच्या टोकाशी नाडी उडताना जाणवते. नख मुळाशी अजून धरून आहे आणि नखांना रंग न लावल्यामुळे खाली काळपट लाल डाग पसरत चाललेला दिसतो.

जिथे नखे लावून घेतली तिथे फोन केला, तर "उद्या या, नकली नख उचकटून काढू आणि लगेच नवे बसवू, लग्नात कोणाला कळणारही नाही" असे उत्तर मिळाले. घरी आजी हळद भरायला सांगते आहे. मी स्वतः हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहते, हळदीवर माझी श्रद्धा आजीइतकीच आहे, पण उघड्या मांसावर ती भरण्याचा धीर होत नाही. नख ठेवावे की काढावे, आजची रात्र कशी काढावी आणि लग्नात हा हात कसा सांभाळावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शुश्रूषा (मिरज)

ताई, ते नख कोणालाही उचकटू देऊ नका आणि स्वतःही ओढून पाहू नका. मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. चेंगरलेली आणि उखडलेली बोटे आमच्याकडे नेहमी येतात, आणि घरी किंवा पार्लरमध्ये नख ओढून आलेल्या रुग्णाची गादी हमखास जास्त फाटलेली असते. नखाखाली जो गुलाबी, अतिशय हळवा भाग असतो त्याला आम्ही नखाची गादी म्हणतो. सुटलेले नख निरुपयोगी दिसले तरी त्या गादीचे तेच सर्वांत चांगले झाकण असते. गादीला टाके घालावे लागले तरी पुष्कळदा शल्यचिकित्सक तेच नख धुऊन पुन्हा जागेवर बसवतात, इतका त्याचा उपयोग असतो.

हे सगळे वाचण्याआधी त्या हातातील अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. सूज चढली की अंगठी निघत नाही आणि मग ती कापावी लागते. त्यानंतर साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट सावकाश धुवा. औषधाच्या दुकानात पॅराफिन लावलेली जाळीची पट्टी मिळते, ती जखमेवर ठेवून वर साधी पट्टी सैलसर गुंडाळा. नुसता कापूस किंवा कोरडी गॉझ लावू नका, ती गादीला चिकटते आणि उद्या काढताना जखम पुन्हा उघडते. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे शेकावा, मध्ये विश्रांती द्यावी. झोपताना हात दोन उश्यांवर, छातीपेक्षा उंच ठेवला की ठणका कमी होतो, कारण बोटाकडे रक्ताचा दाब कमी राहतो. पॅरासिटामॉल चालत असेल तर वेष्टनावरच्या मात्रेप्रमाणे घ्या, ॲस्पिरिन मात्र घेऊ नका, त्याने रक्त पुन्हा वाहू शकते.

आजींचे मन दुखावू नका, पण दुकानातील किंवा स्वयंपाकघरातील हळद जखमेत नको. ती निर्जंतुक नसते, तिचे कण गादीत रुतून बसतात आणि आम्हाला ते धुऊन काढताना रुग्णाला दुप्पट वेदना होतात. शिवाय तिच्या रंगामुळे लाली आहे की पू आहे हेही समजत नाही.

सकाळी डॉक्टरांकडे जाच. बोटाच्या शेवटच्या पेराचे हाड नखाच्या अगदी खाली असते, म्हणून क्ष-किरण तपासणी लागू शकते. बोटाचे टोक स्वतःहून सरळ होत नसेल आणि खाली झुकलेले राहत असेल, तर ते स्नायुबंध तुटल्याचे लक्षण असू शकते. ते आजच पाहून ठेवा आणि उद्या डॉक्टरांना सांगा.

नखशिल्प (सातारा)

मी साताऱ्यात अकरा वर्षे नखांचे काम करते. ताईंना जे उत्तर मिळाले ते वाचून फार वाईट वाटले.

असे का घडते, ते आमच्या व्यवसायातील प्रत्येकीने ग्राहकाला आधी सांगायला हवे. जमिनीत रुतलेला दगड हाताने हलत नाही, पण लांब पहार घातली की सहज उचलला जातो. लांब नकली नख हे तुमच्या नखाला जोडलेली पहारच असते. टोकावर थोडासा जोर पडला तरी मुळाकडे तो कितीतरी पटीने पोहोचतो. आपले स्वतःचे लांब नख अशा वेळी वाकते किंवा तुटते आणि गादी वाचते. ॲक्रिलिक वाकत नाही. ते नीट तयार केलेल्या नखाला इतके घट्ट धरते की त्या दोघांची जोडी सुटण्याआधी नख आणि गादी यांचीच जोडी सुटते. म्हणून नकली नख तुटले नाही ही चांगल्या कामाची खूण समजू नये. लांबी बोटाच्या टोकापुढे फार नेली असेल, तर तोच दोष ठरतो.

आता करण्याचे काम म्हणजे ती पहार आखूड करणे, पण दुखऱ्या बोटावर हे डॉक्टरांनी, बोट बधिर करूनच करावे. नेलकटरने मधोमध एकदम दाबून कापले तर जाड ॲक्रिलिक कट्कन तुटताना हिसका देते आणि नख आणखी सुटते. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे कातरत आत यायचे असते आणि त्या वेळी नख वरून हलके दाबून धरायचे असते. जखमी बोट ॲसिटोनमध्ये अजिबात बुडवू नका. उघड्या गादीवर ते असह्य झोंबते आणि ॲक्रिलिक सुटायला वीस ते तीस मिनिटे लागतात. इतका वेळ ते कोणीही सोसू नये.

द्राक्षबाग (तासगाव)

ताई, काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टरची ट्रॉली जोडताना खिळीपाशी माझा अंगठा चेंगरला होता. नख फुटले नाही, पण खाली रक्त साकळून पूर्ण काळे झाले आणि रात्रभर ठणक्याने मी घरात येरझारा घातल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नखाला बारीक छिद्र पाडून ते रक्त बाहेर काढले, आणि त्या क्षणी जो आराम पडला तो अजून आठवतो. नखाला स्वतःला वेदना नसते. वेदना असते ती खाली कोंडलेल्या रक्ताच्या दाबाची. पण हे सुई तापवून घरी करू नका. आमच्या शेजाऱ्याने केले होते आणि त्याला महिनाभर पू झाला.

माझे ते नख काही आठवड्यांनी गळून पडले आणि नवे पूर्ण यायला सहा महिने लागले. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. नखुरडे झाले तर आमच्याकडे लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालतात, मला त्याने एकदा बरे वाटले होते.

शुश्रूषा (मिरज)

काका, बाकी सगळे मान्य आहे, पण लिंबू या जखमेला नको. नखुरड्यात कातडी बहुधा सलग असते, इथे गादी उघडी आहे. नखुरड्यातही पू धरला असेल तर तो डॉक्टरांनी मोकळा करावा लागतो आणि लिंबाच्या भरवशावर दिवस घालवले की बोट पेरापर्यंत सुजते.

कृष्णाकाठ (सांगली) : दुसरा दिवस

आपण सर्वांनी रात्री उशिरापर्यंत उत्तरे दिली, त्याबद्दल मनापासून आभार. अंगठी साबणाच्या पाण्याने मोठ्या कष्टाने निघाली. सकाळपर्यंत थांबले असते तर ती निघाली नसती, इतकी सूज आज आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आले. हाडाला काही झालेले नाही आणि टोक सरळ होते. बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन ते बधिर केले, नकली नख आखूड कातरले, साकळलेले रक्त काढले आणि माझे नख न काढता जागेवर दाबून पट्टी बांधली. इंजेक्शनची ती दोन मिनिटे सोडली तर नंतर काहीच जाणवले नाही, हे अशा भीतीने घरी बसलेल्या कोणाला उपयोगी पडावे म्हणून मुद्दाम लिहिते. धनुर्वाताची मागची लस आठ वर्षांपूर्वीची होती. जखम डिकीच्या कडेने झालेली आणि अस्वच्छ असल्यामुळे पाच वर्षांहून जास्त काळ लोटला असेल तर पुन्हा घ्यावी, असे सांगून त्यांनी ती दिली. सुटलेला भाग गादीला पुन्हा चिकटणार नाही, मुळाकडून नवे नख पुढे सरकेल तसे ते कातरत जायचे आहे.

आता विचारायला संकोच वाटतो, तरी विचारते. परवा हळद आहे आणि तेरवा लग्न. नऊ बोटांना लांब नखे आणि एका बोटाला पट्टी असे फोटो आयुष्यभर राहतील. पट्टी काढून तासाभरासाठी गोंदाने चिकटवायचे तयार नख वर लावले तर चालेल का?

नखशिल्प (सातारा)

संकोच कशाचा, ताई? माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या जणी नेमके हेच विचारतात, आणि त्यामागे एक खरी गोष्टही आहे. ॲक्रिलिक नखाची सुरुवातच तुटलेल्या नखापासून झाली असे आमच्या व्यवसायात सांगितले जाते. १९५०च्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचे नख काम करताना तुटले, तेव्हा त्याने दातांसाठी वापरायच्या ॲक्रिलिकचे नख करून ते सांधले. पण त्याची टोकाची कड तुटली होती आणि नख गादीला धरून होते. तुमचे नख सलग आहे आणि गादीपासून सुटलेले आहे. कड सांधता येते. सुटलेल्या नखावर काहीही चिकटवले की त्या फटीत पाणी, घाम आणि जंतू कोंडतात. शिवाय तयार नखांचा गोंद सायनोॲक्रिलेटचा असतो, तो फटीतून गादीवर उतरला तर भाजल्यासारखे होते, आणि नंतर ते नख काढताना तुमचे उरलेलेही त्याच्याबरोबर येईल. मी तुम्हाला पैसे घेऊनही लावून दिले नसते.

हवे तर उरलेली नऊ नखे आखूड करून घ्या. एका लयीत आखूड नखे असली की पट्टी डोळ्यात येत नाही.

त्वचावैद्य (सांगली)

नखशिल्प यांनी सांगितलेले योग्यच आहे, त्याला एक जोड देतो. ॲक्रिलिक आणि जेल यांतील मेथाक्रिलेट द्रव्ये कातडीला लागत राहिली तर काहींना कायमची ॲलर्जी जडते, आणि सोललेल्या गादीवर तर ती थेट ओलसर पेशींना लागतात. हीच जातकुळी दातांत भरायच्या द्रव्यांत आणि सांधेरोपणात हाड धरून ठेवणाऱ्या सिमेंटमध्येही असते. पंचविशीत नखांमुळे जडलेली ॲलर्जी साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवेळी विचारात घ्यावी लागू शकते. एका तासाच्या फोटोसाठी हा धोका पत्करू नये.

कृष्णाकाठ (सांगली) : लग्नानंतर

लग्न उत्तम पार पडले. नकली नख पुन्हा लावले नाही. पट्टीवर रबरी हातमोज्याचे कापलेले बोट चढवून मी बहिणीला डाव्या हाताने हळद लावली आणि बाकीच्या बोटांवर मेंदी काढून घेतली. कोणी विचारले तर सरळ सांगितले. त्यातून तीन चुलतबहिणींनी आपापली नखे आखूड करून घेतली, याचा मला फोटोंपेक्षा जास्त आनंद झाला.

कृष्णाकाठ (सांगली) : तिसरा आठवडा

जखम कोरडी आहे, ठणका पहिल्या आठवड्यातच गेला. सध्या कामावर आकडे टंकताना अनामिका उचलून धरते. आमच्या दुकानात हळदीची धूळ सतत असते आणि ती पट्टीच्या कडेतून आत जाऊन सारे पिवळे करते, म्हणून शुश्रूषा यांनी रंगाबद्दल दिलेली सूचना मला रोज आठवते. दुकानात असेपर्यंत वर हातमोज्याचे बोट असते आणि घरी आल्यावर बोट धुऊन, पुसून, मोकळे ठेवते.

नवी अडचण वेगळीच आहे. उरलेली नकली नखे आखूड करून तशीच ठेवली होती, त्यांतील डाव्या अंगठ्याचे नख मागच्या बाजूने थोडे सुटले होते. आज पाहते तर त्याच्याखाली हिरवट डाग आहे. दुखत नाही. ही बुरशी आहे का?

त्वचावैद्य (सांगली)

बहुधा बुरशी नसावी. असा हिरवा रंग स्युडोमोनास नावाच्या जिवाणूच्या रंगद्रव्याचा असतो. नकली नख थोडे उचलले की त्या फटीत भांडी धुताना, कपडे धुताना पाणी शिरते, बाहेर पडायला वाट राहत नाही आणि या जिवाणूला ओल हवीच असते. हे नख आणि बाकीची आठही आता काढून टाका. डाग वरवरचा असेल तर नख कोरडे राहिल्यावर तो वाढीबरोबर पुढे सरकत निघून जातो, पण एकदा दाखवून घ्या. त्यावर रंग किंवा नवे नख लावून झाकू मात्र नका. झाकले की तीच ओल पुन्हा तयार होते.

याच कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधील हातांच्या स्वच्छतेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत, रुग्णाला थेट हाताळणाऱ्यांनी नकली नखे वापरू नयेत असे म्हटले आहे.

नखशिल्प (सातारा)

काढताना घाई करू नका. आधी वरचा थर कानशीने घासून पातळ करा, मग ॲसिटोनचा कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळा आणि मऊ पडल्यावर हलक्या हाताने सरकवा. सरकत नसेल तर पुन्हा कापूस ठेवा, खरवडू नका. हार्ड जेल असते तर ते ॲसिटोनमध्ये विरघळले नसते, ते कानशीनेच उतरवावे लागते. ॲसिटोन पटकन पेट घेते, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ आणि देवघरातील दिवा तेवत असताना हे करू नका. अनामिका यातून दूर ठेवा. तिच्यावरचे उरलेले ॲक्रिलिक वाढीबरोबर आपोआप कातरले जाईल.

कृष्णाकाठ (सांगली) : सातवा आठवडा

आठही बोटे आणि अंगठा मोकळा झाला. नखे कागदासारखी पातळ निघाली, गरम चहाचा कप धरवत नाही, पण हिरवा डाग पुढे सरकला आहे.

अनामिकेबद्दल दोन गोष्टी. सुटलेला भाग ओढणीत आणि केसांत अडकतो, म्हणून त्यावर कागदी चिकटपट्टी लावते. सुरुवातीला ती टोकाकडून मुळाकडे सोलत होते आणि प्रत्येक वेळी नख थोडे उचलले जात होते. ड्रेसिंग करणाऱ्या ताईंनी दाखवले की पट्टी आधी ओली करावी आणि मुळाकडून टोकाकडे, म्हणजे नख वाढते त्याच दिशेने सोलावी. इतक्या लहान बदलाने दुखणे निम्मे झाले. दुसरे असे की नखाच्या मुळाशी एक आडवी खोल रेघ उमटली आहे. नवे नख वाकडे येणार का, ही भीती वाटते.

त्वचावैद्य (सांगली)

ही भीती सोडून द्या. इजा झाली तेव्हा मुळाची नख घडवण्याची क्रिया काही काळ मंदावली आणि त्याची खूण आता कातडीखालून बाहेर आली. १८४६ मध्ये फ्रान्समधील बो या वैद्याने अशा रेघांचे वर्णन केले, म्हणून त्यांना आजही त्याचेच नाव आहे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, त्या वेगाने ही रेघ टोकाशी पोहोचेल आणि कापली जाईल. उभी भेग कायम राहिली किंवा नख दुभंगून येऊ लागले, तरच मुळाला इजा झाली असे समजून पुन्हा दाखवावे.

द्राक्षबाग (तासगाव)

माझ्या अंगठ्यावरही अशीच रेघ आली होती. बागेतील छाटणी ते द्राक्षे उतरणे, एवढ्या काळात ती निघून गेली.

कृष्णाकाठ (सांगली) : पाच महिन्यांनंतर

धागा अर्धवट राहू नये म्हणून लिहिते. रेघ टोकाजवळ आली आहे आणि गादीला नख अगदी शेवटच्या दोन मिलिमीटरपर्यंत धरलेले आहे. ती पांढरी कड मी दर रविवारी थोडी थोडी कातरते. आकडे टंकताना अनामिका पुन्हा आपल्या जागी पडते. थंडीत मात्र त्या एका बोटाला इतरांपेक्षा जास्त झोंबते.

एक शेवटचा प्रश्न नखशिल्प यांना. पुढच्या वर्षी दुसऱ्या बहिणीचे लग्न आहे. मला नखांची हौस आहे आणि ती मी लपवत नाही. पुन्हा लावता येतील का?

नखशिल्प (सातारा)

येतील, ताई. नख टोकापर्यंत गादीला पूर्ण धरू द्या, पांढरी कड उरू देऊ नका आणि त्यानंतरही दोन महिने जाऊ द्या. मग बोटाच्या टोकाबरोबर संपतील इतकीच लांबी घ्या आणि गोंदाऐवजी चिकट टिकल्यांवर बसणारी नखे लग्नापुरती लावा. ती दिवसभर जेमतेम टिकतात, कुठे अडकली की निघून पडतात, आणि आपल्याला तेच हवे आहे. पर्समध्ये चार टिकल्या जास्तीच्या ठेवा. डिकी मात्र तळहाताने बंद करा.

कृष्णाकाठ (सांगली)

टिकल्यांचे पाकीट आजच आणून ठेवले. डिकी गेले पाच महिने तळहातानेच बंद करते आहे.